फक्कीने आखलेलं घर

सकाळी पावणेआठला इंचबाई जुन्या बस डेपोच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा तिच्या एका हातात फक्कीची बादली होती, दुसऱ्या हातात दोरीचं बंडल आणि काखेत काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या. मागे टेप घेऊन नवरा, त्याच्या मागे दोन मुली आणि सगळ्यात शेवटी, कुणी हात धरायला आलं की त्याला झिडकारत, सासूबाई. दहा वाजता नगरपालिकेची बांधकाम समिती जागा बघायला येणार होती. म्हणजे हातात सव्वादोन तास. तेवढ्यात एक अख्खं घर उभं करायचं होतं. उभं म्हणजे खरं तर आडवं. भिंती नाहीत, छप्पर नाही, डेपोच्या सिमेंटच्या फरशीवर नुसत्या पांढऱ्या रेघा, पण मापाला तंतोतंत खऱ्या.

इंचबाई हे तिचं खरं नाव नव्हे, हे काही सांगायला नको. एका वास्तुकाराच्या कार्यालयात ती एकोणीस वर्षं नकाशे काढत होती आणि साइटवरच्या गवंड्यांनी तिला हे नाव बहाल केलं होतं. भिंत अर्धा इंच सरकली की तिचा फोन आलाच म्हणून समजा. "काय हो मिस्त्री, माझा अर्धा इंच घरी घेऊन गेलात का?" असं ती विचारायची आणि भले भले गवंडी गपचूप भिंत पाडून परत बांधायचे.

तर प्रकरण असं होतं. चोवीस कुटुंबांनी मिळून एक गृहनिर्माण संस्था काढली होती. कुणी बसचालक, कुणी परिचारिका, कुणी बेकरीवाला, कुणी शाळेत गणित शिकवणारी. डेपोची ही जागा नगरपालिकेने त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, पण ती महिनाअखेरपर्यंतच. घोडं अडलं होतं एका नियमावर. तीन मजल्यांच्या वर गेलात की जिने दोन हवेत, आणि दोन जिने जोडायचे म्हणजे मधून लांबच लांब बोळ आला. त्या बोळात कुणी झोपत नाही, कुणी जेवत नाही, पण त्याचे पैसे मात्र सगळे भरतात. आणि बोळाच्या दोन्ही अंगांना उरतात त्या एकेका खिडकीच्या खोल्या. शहरात गेली वीस वर्षं हेच बांधलं जात होतं. एकट्याला पुरेल, दोघांना चालेल, तिसरं आलं की आटोपलं. मूल झालं की शहर सोडायचं, अशी जणू पद्धतच पडून गेली होती.

इंचबाईने संस्थेला फुकट नकाशा काढून दिला होता. मधोमध एकच जिना, मजल्यावर फक्त चार घरं, प्रत्येक घर कोपऱ्यावरचं. कोपरा म्हटल्यावर दोन बाजूंनी खिडक्या आल्या, वारा आला, उजेड आला. आणि प्रत्येक घरात झोपायच्या तीन खोल्या. सहा मजले, चोवीस घरं. समितीने आज एका जिन्याची सूट दिली तर इमारत होणार. नाही दिली तर पुढची बैठक थेट महिन्याने, आणि तोवर जागा दुसऱ्याच्या घशात. तो दुसरा बोळाचा नकाशा काढून तयारच बसला होता.

इंचबाईच्या घरात आणखीही एक गोष्ट ठरली होती, पण तिच्याबद्दल मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. एक खोली आणि एक स्वयंपाकघर, त्यात माणसं पाच. मागच्या महिन्यात सासूबाई पहाटे उठायला गेल्या आणि धाकटीच्या अंथरुणात पाय अडकून पडल्या. हाड वाचलं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पुढच्या खेपेला वाचेलच असं नाही. घरी आल्या आल्या सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "ही जागा हुकली तर एक तारखेला मी थोरल्याकडे." थोरला म्हणजे इंचबाईचा दीर, आगगाडीने नऊ तासांवर. त्यांनी बॅगसुद्धा भरली आणि ती बरोबर सगळ्यांच्या पायात येईल अशा जागी ठेवली. दुसरी जागा तरी कुठे होती म्हणा.

इंचबाईला सासूबाई जायला नको होत्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली. त्यांतली पहिली पाच वर्षं दोघी एकमेकींशी भांडल्या आणि उरलेली दहा वर्षं दोघी मिळून बाकीच्या जगाशी भांडल्या. असं माणूस नऊ तासांवर पाठवायला ती तयार नव्हती.

"गुण्या धरा नीट," ती नवऱ्यावर खेकसली. "काटकोन चुकला की घर वाकडं."

"अगं, हे काय खरं घर आहे का?"

"खरं नाही म्हणूनच. खऱ्या घरात चुकलं तर प्लास्टरमध्ये लपवता येतं."

नवरा बसच्या कारखान्यात मेकॅनिक होता, कधीकाळी याच डेपोत त्याने नोकरी सुरू केली होती. त्याने मुकाट्याने गुण्या धरला. दोरी ताणली गेली, फक्की पडायला लागली, आणि बघता बघता फरशीवर घर दिसू लागलं. हा हॉल. हे स्वयंपाकघर. इथे आईबाबांची खोली, तिथे मुलींची, आणि कोपऱ्यात, आठ बाय नऊची, दोन खिडक्यांची, आजीची. दारांच्या जागा थोरल्या मुलीकडे होत्या. ती तेरा वर्षांची होती आणि दारांच्या बाबतीत अतिशय कडक. जिथे दार, तिथे रेघ तोडायची आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते अर्धगोल काढून दाखवायचं.

"माझ्या खोलीचं दार आत उघडणार," तिने ठणकावून सांगितलं. "आणि आतून कडी."

"आमच्या खोलीचं," धाकटीने सुधारलं.

नऊ वाजेपर्यंत बाकीची कुटुंबंही येऊन थडकली. पोरंटोरं घरात धावू लागली, आणि गंमत म्हणजे कुणी न सांगता दारातूनच धावू लागली. परिचारिका स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिने हात लांब करून बघितले. "अय्या, हात पसरता येतात!" ती ओरडली. बेकरीवाला खिडकीशी, म्हणजे दोन तुटक रेघांशी, उभा राहून उगाचच बाहेर बघत होता. कुणी सोफा कुठे ठेवायचा यावरून बायकोशी वाद घालत होतं, तर कुणी शेजाऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायची परवानगी मागत होतं. इंचबाईच्या अंगात वारं संचारलं होतं. आयुष्यभर तिने घरं कागदावर बघितली होती. माणसं आत शिरली की घर कसं दिसतं हे ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

"आता खाटा!" तिने हुकूम सोडला. नकाशात होत्या तशा, होत्या त्या मापाच्या खाटा तिने आखल्या. "चला, झोपा बघू."

नवरा झोपला. डोकं भिंतीला टेकवलं, पाय पसरले, आणि थोरली किंचाळली, "आई! बाबांचे पाय स्वयंपाकघरात गेले!"

खरंच गेले होते. खाट संपली, भिंत संपली, आणि भिंतीपलीकडे, परिचारिकेच्या शेगडीशेजारी, नवऱ्याचे दोन बूट छताकडे, म्हणजे आभाळाकडे बघत उभे होते. सगळा डेपो हसायला लागला. नवराही झोपल्या झोपल्या हसत होता. "भाजी हलवून देऊ का पायाने?" असंही त्याने विचारलं.

इंचबाई मात्र हसली नाही. तिने टेप घेतला, खाटेला लावला. पाच फूट दोन इंच. तिने पुन्हा लावला. पाच फूट दोन इंचच.

आणि मग तिला उमगलं. कार्यालयात तिच्या आधी तिच्या टेबलावर बसणाऱ्या जुन्या ड्राफ्ट्समनने तिला एक प्लास्टिकचा साचा दिला होता. त्यात खाट, टेबल, शेगडी अशी भोकं होती. पेन्सिल फिरवली की खाट तयार. तो साचा कधीकाळी कुठल्या तरी बिल्डरसाठी बनवला होता, खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून खाट मुद्दाम आखूड केलेली. पुढे संगणक आला तेव्हा इंचबाईनेच तो साचा हौसेने संगणकात उतरवून घेतला. एकोणीस वर्षं तिने भिंती मापल्या, दारं मापली, पायऱ्या मापल्या. खाट कुणी मापायची? खाटेवर नियम नाही, खाटेवर सही नाही. अर्ध्या इंचासाठी गवंड्यांना रडवणाऱ्या बाईने एकोणीस वर्षं कुणालाच पाय पसरता येणार नाहीत अशी घरं काढली होती. तिची कानशिलं तापली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं काय त्यात?" बसचालक म्हणाला. "खाटा पुसून टाका. समितीला काय खाट दिसणारे?"

"किंवा बुटक्या माणसाला झोपवा," बेकरीवाल्याने सुचवलं. "मी झोपतो की."

सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "अगं, तोंड पाडून काय बसलीस? चूक झाली ना, मग सांगून मोकळी हो. चुकीची खोली घेऊन त्यात मी नाही राहणार. आपल्या घरात पाय दुमडून झोपायचं तर थोरल्याकडे गेलेलं काय वाईट?"

तेवढ्यात फाटकाशी दोन गाड्या थांबल्या. पावणेदहा वाजले होते. समिती कधी नव्हे ती पंधरा मिनिटं आधी आली होती.

समितीत सात जण. त्यांत बोलणारे तिघेच. अध्यक्षबाई, ज्या कुठलाही निर्णय घेण्याआधी पेनाचं टोपण तीनदा काढून घालायच्या. एक जाड चष्म्याचे सदस्य, ज्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची आणि ती पुष्कळदा खरोखरच असायची. आणि अग्निशमन दलाचे प्रमुख, ज्यांना सगळं शहर बंबसाहेब म्हणायचं. उंचेपुरे, कमी बोलणारे. जिन्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. ते हो म्हणाले तर निदान चौघं हो म्हणणार, आणि ते नाही म्हणाले तर चर्चाच संपली.

एरवी समितीची स्थळपाहणी म्हणजे फाटकाशी पाच मिनिटं उभं राहायचं आणि चहाला जायचं. पण आज फाटकातून आत बघितलं तर शंभरेक माणसं जमिनीवरच्या रेघांमध्ये राहत होती. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "हे काय चाललंय?"

इंचबाई पुढे झाली. तिने भाषण पाठ केलं होतं, बोळात किती पैसे वाया जातात आणि एका जिन्यात किती वाचतात याचं. त्यातला एक शब्दही तिला आठवला नाही. तोंडातून निघालं ते असं, "मॅडम, हे आमचं घर. पूर्ण मापाचं. पण आधी एक सांगते, यात माझी चूक आहे. खाटा खोट्या आहेत. खरी खाट आखली तर खोलीत मावत नाही. आम्हाला ते पाच मिनिटांपूर्वी कळलं."

मागे बसचालकाने कपाळाला हात लावला. चष्मेवाल्या सदस्यांचे डोळे चमकले. "म्हणजे नकाशाच चुकीचा! मग आम्ही कशासाठी आलोय?"

पण बंबसाहेब पुढे आले. त्यांनी खाटेकडे पाहिलं, नवऱ्याच्या बुटांकडे पाहिलं, आणि विचारलं, "बाई, जिना दाखवता का?"

जिना घराला लागूनच आखला होता, साडेतीन फुटांचा. बंबसाहेबांनी बोलण्यात वेळ घालवला नाही. डेपोच्या कोपऱ्यात पडलेली एक सहा फुटांची फळी त्यांनी मागवली, धाकटीला तिच्यावर झोपवलं आणि फळी उचलायला बसचालकाला आणि बेकरीवाल्याला लावलं. "ही आजारी मुलगी. तुम्ही सहाव्या मजल्यावरून खाली आणताय. आणि मी," असं म्हणून ते पाण्याची नळी खांद्यावर असल्यासारखे खालून निघाले, "मी वर येतोय."

धाकटी खिदळत होती, पण पहिल्याच वळणावर फळीचं टोक भिंतीबाहेर गेलं, आणि बंबसाहेब आणि बेकरीवाला पोटाला पोट लावून अडकले. आता हसणारं कुणी नव्हतं.

"दोन जिने चांगले असं मी म्हणत नाही," बंबसाहेब जागचे न हलता म्हणाले. "माझ्या नोकरीत मी जे दुसरे जिने बघितले त्यांतल्या अर्ध्यांना कुलूप होतं. उरलेल्यांत मोडकी कपाटं. लोक एक जिना वापरतात आणि दुसऱ्याची अडगळ करतात. पण एकच ठेवायचा तर तो चुकून चालणार नाही. पाच फूट रुंद पाहिजे. प्रत्येक घरात छताला पाण्याचे फवारे पाहिजेत. घराची दारं आग अडवणारी. आणि सहाच्या वर एक मजला नाही, माझी शिडी तेवढीच पोचते. देणार?"

"फवारे देऊ, दारं देऊ," इंचबाई म्हणाली. तिचं डोकं भराभर चालत होतं. दुसरा जिना आणि बोळ वाचला त्यातून तेवढं सहज निघत होतं. "जिना पाच फूट म्हणजे दीड फुटाचा फरक, दोन्ही बाजूंच्या चढांना मिळून तीन. प्रत्येक घरातून दीड फूट जाणार."

"आणि खाटेला एक फूट हवा," चष्मेवाले सदस्य म्हणाले. "अडीच फूट. कुठून आणणार? हवेतून?"

इंचबाई रेघांच्या मधोमध गुडघ्यांवर बसली. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं असं तिला वाटत होतं, भीती वाटत होती आणि मजाही येत होती, दोन्ही एकदम. तिने आजूबाजूला बघितलं. जिन्याच्या भिंतीला लागून घरातल्या घरात एक अरुंद वाट होती, हॉलपासून खोल्यांकडे जाणारी. साडेतीन फुटांची. त्या वाटेच्या टोकाला खिडकी होती, आणि त्या खिडकीखाली तिने नकाशात 'साठवण' असं लिहिलं होतं. साठवण कसली, तिथे ती स्वतःचं टेबल ठेवणार होती. संध्याकाळी घरी बसून चार नकाशे काढता येतील, स्वतःच्या नावाने. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने हाताने रेघ पुसायला सुरुवात केली.

"आई, वाट कुठे चालली?" थोरली धावत आली. "मग मी माझ्या खोलीत जाणार कशी? सगळ्यांच्या समोरून?"

"हॉलमधून. तिन्ही दारं हॉलमध्ये उघडतील."

"म्हणजे पाहुणे बसलेले असले की त्यांच्यासमोरून? शी!"

"आपल्याकडे पाहुणे कधी येतात गं?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांना बसवायला आजवर जागा होती का?"

यावर एकदम वाद पेटला. गणिताच्या बाईंना वाट हवी होती, कारण त्यांचा नवरा रात्रपाळीचा आणि दिवसा झोपणारा. परिचारिकेला वाट म्हणजे झाडायला आणखी एक जागा वाटत होती. बेकरीवाल्याचं म्हणणं, हॉल मोठा झाला तर पोरांवर लक्ष राहतं. गणिताच्या बाई म्हणाल्या, लक्ष राहतं पण झोप राहत नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, की रात्रपाळीवाल्यांची खोली हॉलपासून लांबच्या कोपऱ्यात टाका, आजीच्या खोलीशी अदलाबदल करून, ज्याला हवं त्याने. समितीतल्या दोन सदस्यांनी यात न विचारता भाग घेतला आणि एक तर थोरलीच्या बाजूने हिरीरीने भांडला. अध्यक्षबाई आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होत्या आणि त्यांचं टोपण पेनावर नव्हतं.

इंचबाई पुसत होती, आखत होती, नवरा दोरी ताणत होता. साडेतीन फुटांतला दीड फूट जिन्याला. एक फूट खाटांना. एक उरला. तो तिने स्वयंपाकघराला दिला, क्षणभर थांबून. नवऱ्याने ते थांबणं पाहिलं.

"तुझं टेबल तिथे होतं ना?" तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साठवणीला खिडकी कोण काढतं? टेबल आपल्या खोलीत मांडू. मी जरा कडेला झोपेन." त्याने खरी खाट आखून घेतली, तिच्यावर आडवा झाला आणि पाय पूर्ण पसरले. बूट खोलीतच राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग बंबसाहेबांनी फळी पुन्हा उचलायला लावली. पाच फुटांच्या जिन्यातून बसचालक आणि बेकरीवाला धाकटीला घेऊन खाली आले, बंबसाहेब वर गेले, आणि वळणावर त्यांचा आणि बेकरीवाल्याचा खांदा एकमेकांना नुसता चाटून गेला. बंबसाहेबांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला. "चालेल," ते म्हणाले. त्या एका शब्दावर जो आरडाओरडा झाला त्याने डेपोच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"एक मिनिट," चष्मेवाले सदस्य म्हणाले. "एकेकट्या माणसांनी कुठे जायचं? त्यांनाही घरं लागतातच."

"लागतात की," परिचारिका म्हणाली. "मीही सहा वर्षं एकटी राहिले तशा खोलीत. त्यांच्यासाठी वीस वर्षं बांधलंत, यापुढेही बांधा. पण तोच एकटा माणूस उद्या लग्न करतो, मूल होतं, मग त्याने कुठे जायचं? आमच्यासाठी एक तरी बांधा."

चष्मेवाल्यांनी त्यावर काहीतरी लिहून घेतलं. ते पटलं की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

आता सगळ्यांचे डोळे अध्यक्षबाईंवर. त्यांनी टोपण घातलं. काढलं. घातलं. "फार छान," त्या म्हणाल्या. "खरोखर छान. पण नकाशा आजच बदललाय. सुधारित प्रत यायला हवी, अभिप्राय यायला हवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत आपण नक्की..."

पुढच्या महिन्यात जागाच नसणार होती. हे अध्यक्षबाईंनाही माहीत होतं, त्या खाली बघून बोलत होत्या. इंचबाईच्या हातातली बादली खाली टेकली. ती सासूबाईंना शोधू लागली.

सासूबाई कोपऱ्यातल्या खोलीत होत्या. आपल्या खऱ्या मापाच्या खाटेवर, सिमेंटच्या फरशीवर, उशाला शाल घेऊन त्या आडव्या झाल्या होत्या, डोळे मिटून.

"आजींना बरं वाटत नाहीये का?" अध्यक्षबाई घाबरून तिकडे निघाल्या. सरळ रेघेवरून पाय टाकणार, तोच आतून आवाज आला.

"भिंत आहे तिथे."

अध्यक्षबाईंचा पाय हवेतच राहिला. त्यांनी खाली बघितलं, मग बाजूला बघितलं, आणि मग एवढी मोठी बाई, सगळ्या समितीदेखत, रेघेच्या कडेकडेने चालत हॉलमध्ये गेली, तिथून दारापाशी आली आणि थांबली.

"येऊ का?"

"या. दार लावून घ्या."

अध्यक्षबाई आत गेल्या आणि, काय करावं हे न सुचून, त्यांनी खरोखरच हाताने दार लोटल्यासारखं केलं. "आजी, काय झालं? चक्कर आली का?"

"छे. बघत होते." सासूबाईंनी डोळे उघडले. "माहेरी आम्ही आठ भावंडं एका खोलीत. लग्न झालं तर सासरी खोली एकच. मग मुलं झाली, मग नातवंडं. एकाहत्तर वर्षांची आहे मी, बाई. दार लावून कधी झोपलेच नाही. कसं वाटतं ते बघत होते."

"कसं वाटतं?"

"एक महिना थांबून सांगू म्हणता?"

अध्यक्षबाई त्या आठ बाय नऊच्या खोलीत उभ्या राहिल्या, एकदा या खिडकीकडे बघत, एकदा त्या. मग त्यांनी मान वर केली आणि मोठ्याने विचारलं, "समितीचे किती जण हजर आहेत?"

"सातही," समितीबरोबर आलेला लिपिक म्हणाला.

"बैठक कुठे घ्यायची असा काही नियम?"

लिपिकाने आठवून बघितलं. "सगळे हजर असले आणि नोंदवही असली की कुठेही, मॅडम."

"सगळ्यांनी हॉलमध्ये या. दारातून."

सहा सदस्य आणि लिपिक रांगेने दारातून आत आले. पूर्ण मापाचा सुधारित नकाशा पायाखाली आहे आणि तो सर्वांनी चालून पाहिला, असं अध्यक्षबाईंनी आधी लिहायला सांगितलं. बंबसाहेबांच्या अटी एकेक करून लिहून झाल्या, त्यांनी तिथेच अभिप्राय म्हणून सही केली. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "एका जिन्याची सूट. बाजूने?"

बंबसाहेबांचा हात वर गेला. मग थोरलीच्या बाजूने भांडलेल्या सदस्याचा. मग आणखी एक. अध्यक्षबाईंचा स्वतःचा चौथा. इंचबाईने नवऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्याला कळ आली, पण तो हूं की चूं करेना. आणि सगळ्यात शेवटी, चष्मा पुसत पुसत, चष्मेवाल्यांनी हात वर केला.

"पाच," लिपिक म्हणाला. "मंजूर."

पुढे काय झालं ते नीट कुणालाच सांगता येणार नाही. बेकरीवाल्याने बंबसाहेबांना मिठी मारली. गणिताच्या बाई रडत होत्या आणि परिचारिका त्यांना पाणी पाजत होती. पोरं सगळ्या खोल्यांतून एकदम धावत सुटली. थोरलीने आपल्या दाराचा अर्धगोल पुन्हा ठळक केला. नवऱ्याने इंचबाईला उचललं, भर लोकांत, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, आणि ती "अहो, सोडा, अहो!" म्हणत होती पण सुटायचा प्रयत्न काही करत नव्हती. मंजूर! चोवीस घरं! तिला वाटत होतं आत्ताच्या आत्ता पाया खणायला घ्यावा.

"झालं का तुमचं?" कोपऱ्यातल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. सही करून तिथे आलेल्या अध्यक्षबाईंशी त्या बोलत होत्या.

"झालं, आजी. अभिनंदन."

"मग निघा आता. जाताना दार ओढून घ्या."

अध्यक्षबाई बाहेर आल्या, वळल्या आणि त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

इंचबाई नवऱ्याच्या हातातून सुटून तिकडे धावली. सासूबाईंना मिठी मारायची होती, बॅग रिकामी करा म्हणून सांगायचं होतं. रेघेपाशी येऊन ती थांबली. आत सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या आणि शालीत तोंड खुपसून रडत होत्या, खांदे हलत होते, लहान मुलीसारख्या मन भरून रडत होत्या. भिंत नव्हतीच. सगळं दिसत होतं. पण दार लावलेलं होतं, म्हणून इंचबाईने पाठ फिरवली आणि ती तिथेच, भिंतीबाहेर, त्यांची वाट बघत उभी राहिली.